मनगटावरचं हळकुंड

माझा उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडलेला आहे. आत दोन पट्ट्या आणि अकरा स्क्रू आहेत. थंडी पडली की ती आधी मला कळते, मग गावाला. हा हात ज्यानं मोडला त्या केरबाबद्दल मी हे लिहितोय, तेही डाव्या हातानं, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. केरबा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला आण्णा म्हणतो, तुमी म्हणतो. इथं मात्र अरेतुरे करणार आहे. हात त्यानं मोडलाय, एवढी सवलत मला पाहिजेच.

केरबा कोयनेच्या जलाशयाकाठचा. सैन्यात तो पूल बांधणाऱ्या पलटणीत होता. बोटी आणि बोटींची इंजिनं हे त्याचं काम. आसामात पूर आला तेव्हा त्यानं एका दिवसात सतरा माणसं छपरांवरून काढली. अठरावा माणूस ट्रंक सोडून यायला तयार होईना, तर केरबानं त्याच्या कानशिलात अशी लगावली की तो बेशुद्ध पडला. मग त्याला आणि ट्रंकेला एकदमच बोटीत घातलं. याबद्दल शाबासकी मिळणार होती. पण त्याच आठवड्यात त्यानं लंगरवाल्याला, म्हणजे पलटणीच्या आचाऱ्याला, कच्च्या डाळीवरून पळीनं बडवलं आणि शाबासकी राहिली बाजूला. हवालदार व्हायचा तो नाईक म्हणूनच घरी आला.

गावातही हात स्वस्थ नव्हता. एकदा आमच्या लाँचमध्ये पाच पर्यटक दारू पिऊन नाचायला लागले. केरबानं आधी सांगितलं, मग ओरडला, मग वल्हं उचललं. तिघांना मार बसला आणि दोघांनी भीतीनं पाण्यात उड्या टाकल्या. त्या दोघांना पोहता येत नव्हतं. मग यानंच उडी मारून त्यांना बाहेर काढलं, काठावर नीट उभं केलं आणि उरलेला मार दिला. घरात मात्र त्याचा हात कधी उठला नाही. त्याची बायको मनुबाई हिनं लग्नानंतर महिन्याभरातच विळी दाखवून हद्द आखून दिली होती. आणि मुलगी क्रांती म्हणजे त्याचा जीव की प्राण. तिच्यापुढं हा माणूस आवाजसुद्धा खाली आणायचा.

मी भाऊसो. आयटीआय केलेला. अकरा वर्षं शिरवळच्या कारखान्यात काढली, सुपरवायझरशी भांडलो आणि परत आलो. केरबाला माझ्यातला हा भांडखोरपणा आवडला असावा, कारण त्यानं मला लाँचमध्ये भागीदार करून घेतलं. बारा माणसांची फायबरची लाँच, पुढं लाल रंगात ‘क्रांती’ लिहिलेलं. मागं लटकवलेलं चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन माझ्या लग्नाहून जुनं आणि जास्त तापट. आमच्या लाँचनं गेलं तर पैलतीर पाऊण तास. रस्त्यानं जायचं तर घाट उतरून, चढून, अर्धा दिवस.

क्रांती नर्स झाली आणि तिला नोकरी लागली ती पैलतीरावरच्या उपकेंद्रात. म्हणजे ती रोज आमच्या लाँचनं जाणार आणि येणार. केरबानं त्या दिवशी मला बाजूला घेतलं.

“भाऊसो, आता ह्या इंजिनावर माझी पोरगी हाय. ध्यानात ठेव.”

“आण्णा, आधी काय शेरडं व्हती व्हय?”

“हसू नगं. मधी पाण्यात बंद पडलं तर तुझं हात मोडीन.”

मी हसलो. तो नेहमी काही ना काही मोडायचंच म्हणायचा.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला त्यानं इंजिनाची पूजा केली. ही पूजा तो स्वतःच करतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. इंजिनाचं झाकण काढायचं, आतलं सगळं पुसायचं, हळदकुंकू, झेंडूची माळ आणि शेवटी हळकुंड बांधलेला पिवळा दोरा. हा दोरा तो दरवर्षी एकाच जागी बांधतो. आत एक बोटभर दांडी आहे. आपण वेग वाढवला की ही दांडी सरकते आणि ठिणगी लवकर पडायला लागते. केरबा तिला इंजिनाचं मनगट म्हणतो, आणि कंकण मनगटावरच बांधायचं असतं. दरवर्षी तो सुती दोरा पहिल्याच फेरीत तुटायचा, हळकुंड गळून पाण्यात जायचं, आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

त्या वर्षी क्रांती रोज जाणार होती. म्हणून त्यानं दोरा नायलॉनचा घेतला, मासे पकडायच्या जाळ्याचा, हळदीत रात्रभर भिजवलेला. त्याला तो तुटायला नको होता. तेव्हा त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि गाठ त्यानं बोटांनी चाचपून मारली. मी शेजारी नारळ धरून उभा होतो.

दसऱ्यानंतर आठवड्यानं इंजिन बिघडलं. पूर्ण बिघडलं असतं तर बरं झालं असतं. हळू चालवा, छान चालायचं. पूर्ण वेगानं सोडा, छान पळायचं. पण वेगाची लिव्हर अर्ध्यावर ठेवली की दम सोडायचं. घसा दाबल्यासारखा आवाज, धूर, वेग निम्म्यावर. आणखी लिव्हर ओढली की एकदम हिसका देऊन पुढं उसळायचं. काठावर पाण्याच्या पिंपात लावून चालवलं तर मुळीच तक्रार नाही, कारण तिथं त्याला काही ढकलायचंच नसतं. दुखणं फक्त लाँच ओढताना. वारा नसला की हळू किंवा पूर्ण वेगानं भागायचं, म्हणून फेऱ्या चालूच होत्या.

त्याच सुमाराला केरबाचे डोळे ऑपरेशनला गेले. आधी एक, पंधरा दिवसांनी दुसरा. डॉक्टरनं वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं बजावलं. काळा चष्मा लावून तो काठावरच्या दगडावर बसायचा, कानानं इंजिन ऐकायचा आणि मला शिव्या द्यायचा.

“कार्बोरेटर हाय. जेटात घाण बसलीया. पुन्यांदा धू.”

मी कार्बोरेटर तीनदा खोलून धुतला, जेटमधनं, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातनं, तार न घालता हवा मारली. टाकीतलं पेट्रोल ओतून नवं भरलं. पंपाचा पडदा बदलला. प्लग बदलले, ठिणगी बघितली, ती निळी आणि दणकट होती. मग चालत्या लाँचवर दोन परीक्षा घेतल्या. इंजिन दबलं की पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून बघितला. फरक नाही. म्हणजे पंप ठीक होता. मग चोक ओढून बघितला. पेट्रोल कमी पडत असेल तर चोक ओढल्यावर इंजिन सावरतं. आमचं आणखीच दबलं. म्हणजे पेट्रोल कमी नव्हतं, उलट पुरेसं होतं, ठिणगीच उशिरा पडत होती. ही खूण माझ्या समोर होती आणि मी ती धड वाचली नाही, कारण केरबा काठावरून कार्बोरेटर, कार्बोरेटर म्हणून ओरडत होता आणि मलाही चौथ्यांदा तेच करायचं होतं.

खरं सांगायचं तर एकदा मी ठिणगीच्या बाजूला गेलो होतो. झाकण काढलं, त्या दांडीकडं बघितलं. पिवळा दोरा तसाच होता, तीन वेढे, गाठ, खाली हळकुंड. ते दांडी आणि तिच्या शेजारच्या पट्टीच्या मधे अडकल्यासारखं वाटलं. पण पूजेचं कंकण. बांधलेलं आपण तोडायचं नसतं, ते आपोआप गळतं. आणि बांधणारा केरबा. मी झाकण लावून टाकलं.

डिसेंबर लागला होता. दुपारी तीनच्या सुमाराला क्रांतीचा पैलतीरावरून फोन आला. साळूबाई नावाच्या सत्तरीच्या बाईला श्वास घेता येत नव्हता, तिला साताऱ्याला हलवायचं होतं. वारा सुटलेला होता. मी केरबाला म्हणालो की इंजिन भरवशाचं नाही.

“म्हातारी मरंल की रं तिथं. जा. पर क्रांतीला मधी बसव.”

मी गेलो. जाताना वारा पाठीवर होता, काही झालं नाही. येताना साळूबाईला लाँचच्या तळाशी गोधडीवर झोपवलं, क्रांती तिच्या उशाशी बसली. अर्ध्या वाटेवर दोन डोंगर जवळ येतात, तिथं खिंडीतून वारा सुसाट येतो आणि लाटा उभ्या राहतात. एका बाजूला बुडालेल्या गावाच्या वरचे खडक पाण्याच्या वीतभर खाली. तिथं हळू गेलं तर वारा खडकांवर नेऊन आपटतो. पूर्ण वेगानं गेलं तर लाँच लाटेवरून आदळत जाते आणि आजारी म्हातारीचं काय होणार ते सांगायला नको. खिंड अर्ध्या वेगानंच काढावी लागते. आणि अर्धा वेगच आमच्याकडं नव्हता.

इंजिन दबलं. वाऱ्यानं लाँचचं तोंड फिरवलं. पहिली लाट आडवी आली आणि सगळं पाणी साळूबाईच्या अंगावर. मी फुगा दाबला, चोक ओढला, ढकलला, इंजिनाला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. खडक दहा हातांवर दिसायला लागले. साळूबाई तळाशी साचलेल्या पाण्यात गटांगळ्या खात होती म्हणून क्रांती तिला उचलायला उभी राहिली. मी तिला बस म्हणून ओरडलो आणि त्याच क्षणी, दुसरं काही सुचेना म्हणून, लिव्हर पूर्ण ओढली.

इंजिनानं पकडलं. लाँच उसळली. क्रांती मागं फेकली गेली ती सरळ पाण्यात, आणि मी लिव्हर सोडेपर्यंत इंजिनाच्या पंख्यानं तिला गाठलं होतं.

पाणी लाल झालेलं मी बघितलं. मी तिला वेणीला धरून वर ओढली. उजव्या पायाची पोटरी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उघडी पडली होती, आत हाड दिसत होतं. ती किंचाळत नव्हती. “काका, वर आवळ, गुडघ्याच्या वर,” एवढंच म्हणाली. मी शर्ट फाडून आवळलं. मग पूर्ण वेगानं, आदळत, आपटत, साळूबाईची आरडाओरड ऐकत काठ गाठला. म्हातारी जगली. अजून आहे. मला बघितलं की पदरानं तोंड झाकते.

काठावर केरबा काळा चष्मा लावून उभा होता. त्याला नीट दिसत नव्हतं, पण लाल रंग दिसला. लोकांनी क्रांतीला उचलून अँब्युलन्सकडं नेलं. मग केरबा लाँचमध्ये उतरला आणि वल्हं घेतलं. पहिला फटका माझ्या खांद्यावर बसला. दुसरा चुकवायला मी हात वर केला आणि हात मोडल्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. वाळलेलं चिपाड मोडावं तसा. तो थांबला नाही. त्याच हातावर परत मारलं. मी लाँचच्या तळाशी क्रांतीच्या रक्तात पडलो होतो आणि तो वरून मारत होता, पाठीवर, मांडीवर, कुठं लागेल तिथं. “सांगितलं व्हतं तुला! सांगितलं व्हतं!” चौघांनी मिळून त्याला ओढला. एकाचा दात पडला त्यात.

दवाखान्यात मी सांगितलं की धक्क्यावर पाय घसरला. पोलीस आले, त्यांनाही तेच सांगितलं. भीतीनं नाही. मला खरंच वाटत होतं की चूक माझी आहे. कार्बोरेटर मी धुतला होता, फेरी मी मारली होती, लिव्हर मी ओढली होती. काठावरच्या सगळ्या गावांना तेच वाटत होतं. भाऊसोनं बिघडलेलं इंजिन पाण्यात घातलं आणि नर्सबाईचा पाय घालवला. माझ्या बायकोला पाणवठ्यावर बायका बोलेनाशा झाल्या. कुणी माझ्या हाताला इंजिन देईना, म्हणजे तो नीट झाल्यावरसुद्धा देणार नव्हते. हाताचं मला तितकं दुःख नव्हतं. आपलं काम आपल्याला येत नव्हतं, हे मनातून जात नव्हतं.

सात आठवड्यांनी ऐकलं की केरबाला नवा चष्मा मिळाला आणि तो घण घेऊन लाँचकडं गेलाय, इंजिन फोडायला. मी प्लास्टर गळ्यात अडकवून धावत सुटलो. फोडलं असतं तर चूक कुठं झाली ते मला कधीच कळलं नसतं.

घण लाँचच्या तळाशी पडला होता. त्यानं इंजिनाचं झाकण काढलं होतं आणि एका हातानं लिव्हर हळूहळू पुढं नेत होता, परत मागं आणत होता. सैनिकाची सवय. फोडायच्या आधीसुद्धा तपासणार. मला बघून त्यानं मान वर केली नाही.

“बघ,” म्हणाला.

मी वाकून बघितलं. लिव्हर सरकली, कार्बोरेटर उघडायला लागला, आणि ठिणगीची दांडी निम्म्यावर येऊन अडली. हळकुंड तिच्या आणि पट्टीच्या मधे पाचर होऊन बसलं होतं. लिव्हर आणखी ओढली की दांडी जोरानं त्याच्यावरून उडी मारून पुढं जात होती. टक असा आवाज येत होता. नायलॉनचा दोरा एवढ्या दिवसांत जराही सैल झाला नव्हता. इंजिन चालू असताना तो आवाज कोण ऐकणार.

त्यानं तीनदा लिव्हर फिरवली. टक. टक. टक. मग चाकूनं दोरा कापला आणि परत फिरवली. दांडी लोण्यात फिरावी तशी फिरली.

“आण्णा, मी बघितलं व्हतं ते,” मी म्हणालो. “अडकल्यालं दिसत व्हतं.”

“आन ऱ्हाऊ दिलंस?”

“तुमी बांधल्यालं. पूजेचं. कोण तोडतंय?”

तो माझ्याकडं बघत राहिला. पहिल्यांदाच नव्या चष्म्यातून, माझ्या प्लास्टरकडं, तोंडावरच्या व्रणाकडं. मग ते हळकुंड मुठीत घेऊन लाँचच्या कडेला गेला आणि हात पाण्यावर धरला. माझी चूक नव्हती याचा जगात तेवढा एकच पुरावा होता, बोटाच्या पेराएवढा, आणि तो त्याच्या मुठीत होता. एका हातानं मी तो हिसकावून घेऊ शकत नव्हतो. दोन हात असते तरी केरबाकडून घेऊ शकलो नसतो.

“टाका,” मी रागानं म्हणालो. “टाका की. कुणाला कळायचं न्हाई. माझा हात मोडलाच हाय, नाव बी जाऊ दे. पर क्रांतीला तुमी कसं तोंड दाखवनार तेवढं बघा.”

केरबानं हात मागं घेतला, वळला आणि हळकुंड मुठीत तसंच धरून पायऱ्या चढून घराकडं निघाला. मी मागोमाग.

क्रांती पडवीत खाटेवर होती. पाय वाचला होता, पण पोटरीचं मांस गेलं ते गेलंच. कुबडी भिंतीला टेकवलेली. मनुबाई तांदूळ निवडत होती. केरबा क्रांतीसमोर जाऊन उभा राहिला, टाचा जुळवून, हात शरीराला चिकटवून, पलटणीत साहेबासमोर राहतात तसा. हळकुंड त्यानं खाटेवर ठेवलं.

“ह्यानं अडकत व्हतं. मी बांधल्यालं. तुझ्यासाठी म्हनून नायलॉनचं घेतलं, तुटाया नगं म्हनून. भाऊसोची चूक न्हाई. त्यानं कार्बोरेटर बरूबर धुतला व्हता.”

क्रांतीनं हळकुंड हातात घेऊन बघितलं. माझ्याकडं बघितलं, माझ्या गळ्यातल्या हाताकडं. मग कुबडी उचलली आणि बापाच्या खांद्यावर घातली. जिवाच्या आकांतानं. मनुबाईचं सूप उपडं झालं, ती मधे आली, तर केरबानंच तिला बाजूला केलं. क्रांतीनं परत मारलं. तो हलला नाही. चष्मा उडून पडला, कपाळातून रक्त आलं, तरी हात शरीरालाच चिकटलेले. चौथ्या की पाचव्या फटक्याला तिचा तोल गेला आणि ती खाटेवर बसली, रडत.

“पोरी, पायाचा राग काढ सगळा,” तो म्हणाला. “अजून मार.”

“पायाचं न्हाई मारलं, आबा,” ती म्हणाली. “पायाचं मी कवाच सोडलं. काकाच्या हाताचं मारलं.”

तेव्हा केरबा खाली बसला. मी त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं आणि परत बघायची इच्छा नाही. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, तांदळात बसून रडला. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, दोन्ही. खोटं कशाला लिहू.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यानं धक्क्यावर, माणसं लाँचला जमली असताना, हे सगळं मोठ्यानं सांगितलं. एक जण मधेच हसला, त्याची गचांडी धरली, तेव्हा सुधारला वगैरे समजू नका. लाँच आता आम्ही दोघं चालवतो. माझी उजव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत, म्हणून पान्हा तो फिरवतो आणि कुठं फिरवायचा ते मी सांगतो. त्याला ते सोसत नाही, पण सोसतो.

खंडेनवमीला दोरा अजून बांधतो. सुती. झाकणाच्या बाहेर, लिव्हरच्या मुठीला.

क्रांती रोज जाते, कुबडी मांडीवर आडवी ठेवून, मधल्या फळीवर बसते. इंजिन छान चालतं. पण खिंड आली, मी लिव्हर अर्ध्यावर आणली, की केरबा बोलायचा थांबतो, मीही थांबतो. तिघंही इंजिन ऐकत राहतो. खडक मागं पडेपर्यंत कुणी कुणाकडं बघत नाही.